टिप द्यायला चालतो

प्रिय पार्सलराव,

तुझं खरं नाव आता मला ठाऊक झालं आहे, पण त्या नावाने लिहायला बसले की कुणा परक्या माणसाला अर्ज करतेय असं वाटतं. म्हणून दारात उभं राहून ज्या नावाने तुला हाक मारायची, त्याच नावाने सुरुवात करते. आणि 'तू'च म्हणते. त्या रविवारी मी तुला अहो-जाहो करत होते ते मानापोटी नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. काही माणसं चिडली की एकेरीवर येतात, काही एकदम आदराने बोलायला लागतात. मी दुसऱ्या प्रकारातली. माझ्याशी कडाडून भांडणाऱ्याला माझ्याकडून 'आपण'सुद्धा ऐकायला मिळतं.

तू आमचा भाग सोडल्यापासून तुझ्या जागी एक उंचेले गृहस्थ येतात. वाईट नाहीत, पण त्यांना थांबणं माहीत नाही. बेल वाजते, मी दार उघडेपर्यंत खोकं खाली, फोटो काढलेला आणि ते अर्ध्या जिन्यात. परवाच्या फोटोत खोक्याबरोबर माझी चप्पल आणि अर्धा पाय आला आहे. मी त्यांनाही टिप देते. पहिल्या दिवशी जिन्यात गाठून दिली, तर त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन धावत आलेय. 'मॅडम, बॉक्स तसाच आला होता,' म्हणाले. हातात नोट पाहिल्यावर ओशाळले. आत माझ्या खुर्चीत शाळेच्या बाई केस कापायला बसल्या होत्या, त्या सगळं आरशातून बघत होत्या. मी परत आल्यावर म्हणाल्या, 'तुम्ही देता आणि पंचाईत आमची होते. मग ही माणसं आमच्याही दारात रेंगाळतात.' मी म्हटलं, 'बाई, हे गृहस्थ रेंगाळले तर मी त्यांना वरून बक्षीस देईन.' त्या हसल्या. मला मात्र एकदम तुझी आठवण आली आणि त्यांची बट मी जरा जास्तच कापली. त्यांना अजून कळलेलं नाही.

पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. पण तू ते दाराच्या बाहेरून पाहिलंस आणि मी आतून. आतली बाजू तुला कुणीतरी सांगायला हवी, आणि लेकीला ती पुरती ठाऊक नाही.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा माझ्या खुर्चीत बँकेतल्या मॅडम डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. माझे हात मनगटाच्या वरपर्यंत काळे. शाम्पूच्या कॅनचं खोकं खांद्यावर घेऊन तू दुसरा मजला चढून आलास, लिफ्ट नसल्याबद्दल चकार शब्द न काढता, आणि विचारलंस, 'कुठे ठेवू, मावशी?' माझ्या दारात खोकी आपटून जाणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुठे ठेवू, असं विचारणारा तू पहिला. मी कोपराने बेसिनखालची जागा दाखवली. तू खोकं ठेवलंस, लेबल वाचलंस, भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे पाहिलंस, आणि तुझा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं, पोरगा उपाशीपोटी जिने चढतोय, साखर कमी झाली असणार. तुला स्टुलावर बसवलं, साखरपाणी पाजलं आणि निघताना हातात नोट कोंबली. तू 'नको, नको' करत होतास. मी दटावलं, 'मोठ्यांनी दिलं की घ्यावं.' आता कळतंय की तुझी साखर वगैरे काही उतरली नव्हती. तुला सासू दिसली होती.

लेकीने मला नंतर सांगितलं, की तुमची ओळख तिच्या ऑफिसात पार्सलं आणून देताना झाली, आमची इमारत तुझ्या वाट्याला आली तो निव्वळ योगायोग, आणि त्याच संध्याकाळी तू तिला विचारलंस, 'आईंना सांगून टाकू का?' तर ती म्हणाली, 'एवढ्यात नको, वेळ बघून मी सांगते.' वेळ बघायला तिला वर्ष लागलं. माझीच मुलगी. मीसुद्धा दातांच्या डॉक्टरकडे अशीच वेळ बघून जाते.

तुला टिप देण्यावरून आमच्या घरात किती वाद झाले, हे तिने तुला कधी सांगितलं का? पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, 'आई, त्याला पैसे देत जाऊ नकोस. बरं दिसत नाही.' मी म्हटलं, 'न देणं बरं दिसतं होय?' मग तिने मला नीट हिशेबनीसाच्या आवाजात समजावलं, की टिप म्हणजे मालकाने वाचवलेला पगार. गिऱ्हाइकं देत राहिली तर कंपनी कधीच पगार वाढवणार नाही. मी म्हटलं, 'तुझं खरं आहे. पण कंपनीला अक्कल येईपर्यंत माणसाने चहा प्यायचा नाही का?' ती ताटावरून उठून गेली. एवढ्याशा गोष्टीवरून हिचे कान लाल का होतात, हे मला कोडंच होतं. त्याचं एक कारण आता मला कळलं आहे. दुसरं मला तेव्हाही ठाऊक होतं, फक्त मी त्याकडे बघत नव्हते.

अरे, मी निम्मं आयुष्य टिपांवर काढलं. घरी खुर्ची टाकण्याआधी मी एका मोठ्या पार्लरमध्ये होते. पगारात घरभाडं भागायचं आणि टिपांमध्ये बाकी सगळं, म्हणजे लेकीचे बूट, दप्तर, दवाखाना. तिचे बाबा ती लहान असतानाच गेले, त्यामुळे शाळा सुटली की ती तिथेच येऊन कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यास करायची. एकदा घरी जाताना तिने मला विचारलं, 'त्या जाड्या काकू तुला आवडत नाहीत ना? मग त्यांच्याशी इतकं हसून का बोललीस?' मी तिला दुकानातून खोडरबर घेऊन दिलं. तिने ते घेतलं, पण प्रश्न काही खोडला नाही. मला टिप म्हणजे कुणीतरी आपलं काम पाहिलं, असं वाटायचं. तिला ती आईच्या हसण्याची किंमत वाटायची. आम्ही दोघी एकाच नोटेच्या दोन बाजू बघत होतो. त्यामुळे तिने माणूस निवडला तोही दारोदारी टिप घेणारा, हे कळल्यावर मला आधी हसूच यायला हवं होतं. पण हसणं बरंच नंतर आलं.

दर गुरुवारी तू यायला लागलास. आधी पाणी, मग चहा. तू तुझ्या वडिलांच्या कानातल्या यंत्राबद्दल सांगायचास, की ते यंत्र खिशात ठेवतात आणि टीव्ही मोठा करतात. कुठल्या गल्लीतलं कुत्रं तुझ्या गाडीला ओळखतं आणि कुठलं तुझ्या पोटरीला. विनोद तुला सांगता येत नाहीत, शेवट आधी सांगून टाकतोस. तरी मी हसायचे. आणि मग हळूहळू मी बोलायला लागले. आमच्या धंद्यात असं असतं, की खुर्चीत बसलेल्या माणसाने मान मागे टाकली की ते बोलायला लागतं. नवरा, नणंद, सुनेचा स्वभाव, कुणाला सांगू नका म्हणून सगळं. मी ते केसांबरोबर झाडून टाकते, उंबऱ्याबाहेर नेत नाही. पण कात्री धरणाऱ्या बाईने कुठल्या खुर्चीत बसून बोलायचं, याचा विचार कुणी केलेला नाही. तू स्टुलावर बसून चहा फुंकत राहायचास आणि माझी मान आपोआप मागे पडायची.

म्हणूनच लेकीने जेव्हा सांगितलं, 'माझं एकाशी जमलं आहे, माणूस चांगला आहे, बाकी आत्ता काही विचारू नकोस,' तेव्हा मी दुसऱ्या कुणाकडे नाही, तुझ्याकडे आले. तुला म्हटलं, 'सांग बरं, काम काय करतो तेही लपवते म्हणजे काय समजायचं?' तुला ठसका लागला. मी तुझ्या पाठीवर थोपटत होते आणि माझी यादी चालू होती. त्याच्या डोक्यावर कर्ज असेल, आधीचं एक लग्न झालेलं असेल, नाही तर टक्कल असेल. टक्कल असलं तर मी माझ्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? तू नकळत स्वतःच्या केसांवरून हात फिरवलास. मग म्हणालास, 'घाबरत असेल, मावशी.' मी विचारलं, 'कुणाला?' तर म्हणालास, 'तुम्हाला.' मी म्हटलं, 'मी काय वाघ आहे?' तू कपाकडे बघत म्हणालास, 'मला तरी तसं वाटत नाही.' तेव्हा मला वाटलं, किती समजूतदार आहे हा. लेकीने असा कुणी पाहिला असता तर. खरंच, मनात हेच वाक्य आलं होतं, आणि त्यानंतर लगेच दुसरं आलं, की तसं नाही, म्हणजे याच्यासारखा स्वभाव, पण जरा चांगल्या नोकरीतला. त्या दुसऱ्या वाक्याकडे मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. मी तुला म्हटलं होतं, की खरं सांगू, त्या मुलात काहीतरी खोट निघावी याची मी वाट बघतेय. तो कसा का असेना. ती गेली की संध्याकाळी दारात किल्ली फिरल्याचा आवाज येणार नाही, आणि त्या शांततेत मी काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होईल सगळं ठीक. तू तसं काही म्हणाला नाहीस. कप खाली ठेवून म्हणालास, 'माझे वडील मी घरी पोचेपर्यंत जेवत नाहीत. मला त्याचा राग येतो. आणि एखाद दिवशी जेवून घेतलेलं असलं की वाईट वाटतं.' एवढं बोलून उठलास आणि त्या दिवशीची टिप न घेता गेलास. मला वाटलं, विसरलास.

रविवारचं काय सांगू. त्याच्या आदल्या गुरुवारीच मी तुला म्हटलं होतं, 'रविवारी येतोय तो मुलगा. काय विचारू त्याला?' तू तोंड उघडलंस, मिटलंस, आणि म्हणालास, 'जे मनात असेल ते विचारा.' रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं तर तू. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात काही नाही. आणि मी काय म्हणाले? 'अरे देवा, रविवारीसुद्धा जुंपलं का रे तुला? पार्सल कुठे आहे?' असं म्हणत मी पर्स आणायला वळलेसुद्धा. मागून लेक म्हणाली, 'आई, हाच तो.' माझा हात पर्समध्ये तसाच राहिला. तेवढ्यात मला काय काय आठवलं असेल, याची तुला कल्पना नाही. टक्कल, कर्ज, किल्लीचा आवाज, सगळं. घरातल्या माणसापुढे कपडे बदलत असावं आणि लक्षात यावं की तो परका आहे, नाही तर उलटं, तशी मी उभी होते.

मग मी तुम्हाला बसायला सांगितलं. तुम्हाला चहा दिला. तुमच्या वडिलांची प्रकृती विचारली, जणू त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि शेवटी न राहवून विचारलं, 'वर्षभर माझ्याकडून पैसे घेताना आपल्याला काहीच वाटलं नाही?' तू मान खाली घातली नाहीस. शांतपणे म्हणालास, 'मावशी, पार्सल आणलं होतं. त्या दिवशी तुम्ही जे बोललात, त्याचे नाही घेतले.' तेव्हा मला ते उद्धट वाटलं. तू गेल्यावर मी दार जरा जोरातच लावलं.

लेक स्वयंपाकघरात उभी होती. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'टिप द्यायला चालतो, पण मुलगी द्यायला नाही, असंच ना?' मी म्हटलं, प्रश्न त्याच्या कामाचा नाही, मला फसवलं गेल्याचा आहे. दोघांनी मिळून माझा तमाशा केला. आणि रागाच्या भरात बोलून गेले, 'मी त्याच्याशी विश्वासाने बोलत होते, त्याने ते सगळं येऊन तुला सांगितलंच असेल.' ती म्हणाली, 'सगळं म्हणजे काय?' मी म्हटलं, 'तुला ठाऊक आहे.' ती म्हणाली, 'आई, तो मला तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, की तुझा चहा चांगला असतो. आणि मध्यंतरी घाई करू नकोस, आईंना वेळ दे, एवढंच म्हणत होता. का ते सांगेना. मला वाटलं, त्यालाच माघार घ्यायची आहे. आम्ही त्यावरून भांडलो होतो.'

मी खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या. तू तिच्याशी भांडण ओढवून घेतलंस, पण माझं बोलणं उंबऱ्याबाहेर नेलं नाहीस. जिच्याशी लग्न करायचं तिलाही नाही. हे किती अवघड असतं, ते मला विचार.

तरी मी तुला बोलावलं नाही. अभिमान म्हण, अजून काही म्हण. त्या दिवसांत मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. पार्लरमध्ये माझ्या एक ठरलेल्या बाई होत्या. आठवड्याला यायच्या, माझ्याशिवाय कुणाला डोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत, मला 'तू माझी बहीणच' म्हणायच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात तिचे केस मी बांधले. काम झालं तेव्हा बाहेर पाहुणे बसायला लागले होते. बाईंनी मला मिठी मारली, जाड पाकीट हातात दिलं आणि म्हणाल्या, 'मागच्या दाराने लवकर पोचशील.' तितकी मोठी टिप मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी खुशीत निघाले, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मला तिथे एक खुर्ची हवी होती. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला मनापासून दिलं. पण कधी कधी देणारा हातच दार लावून घेत असतो, आणि हे त्यालाच कळत नाही. लेकीचं वाक्य मला इतकं का लागलं, ते त्या आठवणीने मला सांगितलं. त्यात थोडं खरं होतं.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या डेपोवर आले होते. हे कुणालाही माहीत नाही. सकाळी फाटकापाशी उभी राहिले. कुणी विचारलंच तर एक पार्सल मिळालं नाही, अशी थाप तयार ठेवली होती. तू गाडीत खोकी लावत होतास. बाकीचे हसत होते, तू हसत नव्हतास. मानेवर केस वाढलेत तुझ्या, कानामागे तर जंगल झालंय. माझे हात शिवशिवले. हाक मारणार होते, पण तुझ्या कामाच्या जागी, सगळ्यांदेखत, तुला काय म्हणून हाक मारायची आणि मी कोण म्हणून सांगायचं, ते सुचेना. तशीच परत आले. आज दोन गिऱ्हाइकांना वेळ बदलून दिली आणि या पत्राला बसले. पत्र उंचेल्या गृहस्थांच्या हाती देणार आहे. तुमच्या डेपोत ते तुला रोज भेटतात, असं त्यांनीच सांगितलं. त्यांना त्यासाठी मी निराळी टिप देऊ केली, तर म्हणाले, 'याची नको, मॅडम.' बघ, हेही शिकले.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तू लेकीला म्हणाला आहेस म्हणे, की आईंनी हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि बोलावल्याशिवाय त्यांच्या दारात उभं राहायचं नाही म्हणून तू आमचा भागही बदलून मागितलास. तर माझं हो आहे. नाइलाजाने नाही, तिच्या हट्टासाठी नाही. मला तू हवा आहेस म्हणून. संध्याकाळच्या शांततेची भीती अजून गेलेली नाही, पण ती भीती सांगायला मला जो माणूस हवा होता तो मीच दाराबाहेर काढला, हे काही शहाणपणाचं नव्हतं. लेक आत्ता ऑफिसात आहे आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. खरं तर हे आधी तिला सांगायला हवं होतं. पण घरात काही झालं की आधी तुला सांगायची मला सवय लागली आहे, आणि हे सगळे गुरुवार फार गप्प गेले. या रविवारी वडिलांना घेऊन जेवायला ये. तिला तूच सांग. फक्त मी तुला तिच्याआधी सांगितलं, हे तेवढं तिला कळू देऊ नकोस. तुझ्या पोटात गोष्ट राहते, हे आता मला ठाऊक आहे.

तुझीच,
अजून तरी मावशी